न्हाणीघरातला गार वारा

कोकणातल्या आमच्या घराची न्हाणी मागच्या पडवीला लागून होती. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौले, कोपऱ्यात चुलीवर पाण्याचा हंडा. वारा कौलांच्या फटींतून येई आणि दाराखालून निघून जाई. त्याबद्दल कुणी कधी तक्रार केल्याचे आम्हाला आठवत नाही. धूर आणि वाफ बाहेर जायला तीच वाट होती. पावसाळा सोडला तर सकाळी सांडलेले पाणी दुपारपर्यंत सुकून जाई. न्हाणीत येणारा वारा ही घराची अडचण होऊ शकते, हे आम्हाला इंग्लंडमध्ये संसार मांडल्यावर कळले.

आम्ही दोघे बर्मिंगहॅममध्ये राहतो. घर शंभर वर्षांहून जुने, एकाला एक चिकटून असलेल्या विटांच्या घरांच्या रांगेतले. अशी घरे बांधली गेली तेव्हा बहुतेकांत आत न्हाणीघर नसायचेच. संडास मागच्या अंगणात असे. पुढे लोकांनी स्वयंपाकघराच्या मागे एक छोटी खोली वाढवली आणि तिथे बाथरूम केले. आमचेही तसेच आहे. त्यामुळे या खोलीच्या तीन भिंती बाहेरच्या, वर उतरते छप्पर, आणि घरातली सगळ्यात थंड जागा तीच. मागच्या भिंतीत, छताच्या थोडे खाली, चार इंची गोल भोक आहे आणि त्यात एक्झॉस्ट फॅन बसवलेला आहे. दिवा लावला की फॅन सुरू होतो.

या भोकातून बर्फासारखा वारा आत यायचा. फॅन बंद असला तरी यायचा, किंबहुना तेव्हाच जास्त यायचा. बेसिन नेमके त्याच्याखाली. वुजूसाठी बाह्या वर करून, ओल्या हातांनी, ओल्या डोक्याने उभे राहिले की मानेवर सुरी फिरवावी तसे वाटे.

इथला हिवाळ्यातला दिवस किती लहान असतो, हे गावाकडच्या वाचकांना सांगायला हवे. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आधीच मावळतो. म्हणजे जोहर, असर, मगरिब आणि इशा या चारही नमाजा दुपारी साडेबारा ते संध्याकाळी सहाच्या आसपासच्या वेळेत जवळजवळ येतात. ज्यांचे वुजू टिकत नाही, त्या वयस्कर माणसांना दर तास-दीड तासाने बेसिनपाशी जावे लागते. एका वुजूची ओल सुकायच्या आत दुसरे वुजू.

आमच्या घरात अशी एक व्यक्ती आहे. अब्बांच्या इंतकालनंतर अम्मी आमच्याकडे राहायला आल्या. वय 74, दम्याचा जुना त्रास. थंडीत मन मागे ओढत असतानाही वुजू नीट पूर्ण करण्याचा मोठा सवाब सांगितला आहे, हे त्या आम्हाला लहानपणापासून शिकवत आल्या. स्वतःही तसेच वागत. त्यामुळे बाथरूम थंड आहे, असे त्यांच्या तोंडून कधी आलेच नाही.

आल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांना लघवीला जळजळ होऊ लागली. औषधाने बरे वाटले, महिन्याभरात पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी औषध लिहायच्या आधी विचारले, "दिवसभरात पाणी किती पिता?" अम्मी गप्प. घरी आल्यावर आम्ही पुन्हा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, पाणी प्यायलं की रात्री उठावं लागतं. नि तिकडे नुसता वारा अंगावर येतो. त्यापेक्षा नको ते पाणी."

त्या असरनंतर पाणी पीत नव्हत्या. चहासुद्धा अर्धा कप घेऊन बाजूला ठेवत होत्या. भिंतीतले एक चार इंची भोक एका म्हाताऱ्या माणसाची तहान अडवून बसले होते. त्या दिवसापासून हा फॅन आमच्या घरातला पहिला विषय झाला.

सल्ले पुष्कळ आले. सगळ्यात सोपा सल्ला सगळ्यांनी दिला, "प्लास्टिकची पिशवी कोंबा आणि वरून टेप लावा." आमच्या ओळखीच्या दोन घरांत तसेच केलेले आहे. अम्मींनी आपली जुनी ओढणी जाळीत खोवून पाहिली, तीही आम्ही काढून घेतली. कारण सांगतो.

माणूस आंघोळ करतो तेव्हा पाण्याची वाफ हवेत मिसळते. हवा गरम असते तोवर ती वाफ धरून ठेवते. गार भिंतीला, गार काचेला ती हवा लागली की वाफेचे पुन्हा पाणी होते. आरसा धुरकटतो तसेच भिंतीही ओल्या होतात, फक्त दिसत नाहीत. रोज अशी ओल राहिली की कोपऱ्यात, छताच्या कडेला, कपाटामागे काळे ठिपके उमटतात. ती बुरशी. तिचे सूक्ष्म कण श्वासातून आत जातात आणि ज्याला दमा आहे त्याला त्याचा त्रास जास्त होतो. म्हणजे अम्मींना वाऱ्यापासून वाचवायला भोक बुजवायचे आणि त्याच अम्मींना बुरशीच्या हवेत ठेवायचे, असा तो सौदा होता.

ही भीती पोकळ नाही. मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावात अव्वाब इसहाक नावाचा एक मुलगा आपल्या आईवडिलांसोबत एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहत होता. कुटुंब मूळचे सुदानचे. फ्लॅटमध्ये बुरशी होती. वडिलांनी 2017 पासून तक्रार केली होती, तेव्हा त्यांना वरून रंग मारायला सांगण्यात आले. डिसेंबर 2020 मध्ये, नुकतीच दोन वर्षे पूर्ण झालेला अव्वाब श्वसनाच्या विकाराने वारला. नोव्हेंबर 2022 मध्ये मृत्यूच्या चौकशीचा निष्कर्ष आला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने हा मृत्यू झाला, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. घरात हवा खेळती राहण्याची पुरेशी सोय नव्हती, हेही समोर आले. आमच्यासारख्यांना जास्त लागलेली गोष्ट वेगळीच होती. ओलीचा दोष त्या कुटुंबाच्या राहणीवर, आंघोळीच्या पद्धतीवर टाकला गेला होता. घरमालक संस्थेने नंतर ती गृहीतके चुकीची असल्याचे मान्य केले.

पाक राहणे हा आपल्या दिवसाचा भाग आहे. पाणी सांडणारच. त्याची लाज बाळगायची नाही, पण ते पाणी आणि ती वाफ घराबाहेर जाण्याची वाट मात्र उघडी ठेवायची. म्हणून आम्ही ठरवले की भोक बंद करायचे नाही. त्यातून हवा बाहेर जाईल पण आत येणार नाही, एवढेच साधायचे.

आधी वारा नेमका कुठून येतो ते शोधले. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. फॅन चालू करून जाळीवर टिश्यू पेपरचा एक तुकडा धरला. तो चिकटून राहिला, म्हणजे फॅन हवा ओढतो. मग फॅन बंद करून तोच तुकडा धरला, तर तो आतल्या बाजूला फडफडला, म्हणजे भोकातून वारा आत येतो. त्यानंतर अगरबत्ती पेटवून जाळीच्या कडेने हळूहळू फिरवली. खालच्या बाजूला धूर जोरात आत ढकलला गेला. तिथे पाइप आणि वीट यांच्यामध्ये बोटभर फट होती. भोक पाडणाऱ्याने पाइप बसवला, आतून प्लास्टर केले आणि भिंतीच्या मधला भाग तसाच सोडला होता.

मग बाहेर शिडी लावून पाहिले. बाहेरच्या तोंडावर प्लास्टिकच्या तीन आडव्या पट्ट्या होत्या. फॅन चालला की त्या हवेने उचलल्या जाव्यात आणि बंद झाला की आपल्या वजनाने खाली पडाव्यात, अशी ती रचना. पण कुणीतरी कधीतरी भिंत रंगवताना त्यांवर ब्रश फिरवला होता. दोन पट्ट्या अर्ध्या उघड्या अवस्थेतच चिकटून बसल्या होत्या आणि तिसरी तुटली होती. इंग्लंडात वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. आमची मागची भिंत नेमकी तिकडे तोंड करून आहे. म्हणजे वाऱ्याला दार उघडेच होते.

तिसरी गोष्ट सहज लक्षात आली. स्वयंपाक करताना चुलीवरचा मोठा फॅन लावला की बाथरूममधला वारा वाढायचा. स्वयंपाकघराचा फॅन घरातली हवा बाहेर फेकतो. तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते. तिला सगळ्यात मोकळी वाट बाथरूमच्या भोकाची मिळत होती. नेमके मगरिबच्या आधी, रात्रीचा स्वयंपाक चालू असताना, अम्मी वुजूला जात.

आता दुरुस्तीकडे वळतो. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तसाच देतो.

पहिले, वीज बंद. फॅनसाठी दाराबाहेर वर एक वेगळा स्विच असतो. तो बंद केला, शिवाय मुख्य पेटीतलाही बंद केला. वायरला आम्ही हात लावला नाही. पाण्याच्या जागी विजेचे काम जाणत्या, नोंदणीकृत इलेक्ट्रिशियननेच करावे. झाकण काढून फॅनच्या पात्यांवरची धूळ मात्र कोरड्या ब्रशने स्वतः साफ केली. कापडाचे धागे आणि ओलसर धूळ यांचा जाड थर निघाला. पाती जड झाली की फॅन नुसता आवाज करतो, हवा कमी ओढतो.

दुसरे, बाहेरचे तोंड. पट्ट्यांची जाळी काढून टाकली आणि तिच्या जागी वरून टोपीसारखा वाकलेला पत्रा असलेले झाकण बसवले. त्याचे तोंड खाली असते, त्यामुळे समोरून येणारा वारा आणि पाऊस थेट भोकात शिरत नाही.

तिसरे, फट. पाइप आणि वीट यांच्यामधली जागा फुगणाऱ्या फोमने भरली, बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढली. फोम थोडाच घालावा लागतो. जास्त झाला तर पाइप दाबला जाऊन वेडावाकडा होतो.

चौथे, आणि सगळ्यात महत्त्वाचे, पाइपच्या आतली झडप. चार इंची पाइपात बसेल अशी प्लास्टिकची गोल कडी मिळते. तिच्यात अर्धचंद्राच्या आकाराचे दोन पडदे असतात आणि एक हलकी स्प्रिंग. फॅन चालला की हवेच्या जोराने पडदे उघडतात, थांबला की स्प्रिंग ते मिटवते. बाहेरून वारा आला तर पडदे आणखी घट्ट मिटतात. किंमत दहा-बारा पौंड. ही बसवताना बाणाची दिशा पाहावी लागते. उलटी बसली तर फॅन बाहेर हवा टाकू शकत नाही. शिवाय काही जुन्या फॅनमध्ये एवढी ताकद नसते की ते झडप पूर्ण उघडतील. म्हणून झडप बसवल्यावर टिश्यूची परीक्षा पुन्हा केली. तुकडा जाळीला चिकटून राहिला, तेव्हा समाधान झाले.

पाइप भिंतीतून सरळ न जाता माळ्यावरून जात असेल, तर आणखी एक काम करावे लागते. माळा थंड असतो, त्यामुळे पाइपातच वाफेचे पाणी होते आणि ते उलटे फॅनमध्ये ठिबकते. अशा पाइपाला बाहेरून उबदार वेष्टण घालावे आणि त्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा. पाइप मधेच निसटलेला नाही ना, हेही बघावे. निसटला असेल तर घरातली सगळी वाफ माळ्यावर जाऊन लाकूड कुजवते.

पाचवे, टायमर. इलेक्ट्रिशियनला बोलावून फॅनची जोडणी बदलून घेतली. आता दिवा लावताच फॅन सुरू होत नाही. आंघोळीनंतर दोरी ओढली की तो चालतो आणि पंधरा मिनिटांनी आपोआप थांबतो. पंधराच का? इंग्लंडच्या इमारत नियमांनुसार बाथरूमच्या अशा फॅनने सेकंदाला किमान 15 लिटर हवा बाहेर टाकावी. आमच्या खोलीत साधारण दहा हजार लिटर हवा मावते. हिशेब केला तर खोलीएवढी हवा बाहेर जायला अकरा मिनिटे लागतात. फज्रच्या वुजूला वाफ फारशी नसते, तेव्हा फॅन लागतही नाही. दार मात्र खाली फरशीपासून बोटभर मोकळे हवे, कारण आत हवा आलीच नाही तर फॅन बाहेर काय टाकणार?

काही सवयीही बदलल्या. बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम पाणी सोडले की वाफ कमी होते. आंघोळ झाल्यावर टाइल्सवरचे पाणी रबरी पट्टीने खाली ओढून घेतो, दोन मिनिटांचे काम. टॉवेल तिथे वाळत घालत नाही. फॅन चालू असताना दार लावून घेतो, म्हणजे वाफ घरभर फिरत नाही.

बाथरूम आता उबदार झाले, असे म्हणणार नाही. तीन बाहेरच्या भिंती आहेत त्या आहेतच. पण गार हवा स्थिर असणे आणि ती अंगावर येणे यात फार फरक आहे. मानेवरचा वारा थांबला. छताच्या कडेला दिसू लागलेले काळे ठिपके पुसले, ते पुढच्या हिवाळ्यात परत आले नाहीत. अम्मींनी कौतुक असे काही केले नाही. फक्त एके रात्री इशानंतर त्यांनी स्वतः चहा मागितला, पूर्ण कप. लघवीचा त्रास त्यानंतर पुन्हा झालेला नाही, अल्हम्दुलिल्लाह. पाणी पिणे वाढले, हेच त्याचे कारण असावे असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या इथल्या बंधू-भगिनींना एक सांगायचे आहे. बुरशी दिसली तर तोंडी सांगून थांबू नका. लेखी कळवा, फोटो काढा, तारीख लिहून ठेवा. अव्वाबच्या आईवडिलांनी लढा दिला म्हणून 2023 मध्ये कायदा बदलला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम 27 ऑक्टोबर 2025 पासून इंग्लंडमधल्या कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशनच्या घरांना लागू झाला आहे. ओल आणि बुरशीचा गंभीर धोका कळवल्यावर दहा कामकाजी दिवसांत तपासणी करणे आणि तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत हालचाल करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. एका मुलाच्या जिवाच्या मोलाने मिळालेला हा हक्क आहे, तो वापरा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना वाटेल, आपल्याकडे कसली एवढी थंडी? पण नाशिक, पुणे, औरंगाबादकडे डिसेंबर-जानेवारीत बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या खिडकीत वर्तमानपत्र कोंबलेले आम्ही स्वतः पाहिले आहे. कुठे थंडीसाठी, कुठे डासांसाठी, कुठे कबुतरांसाठी. बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर हे फार धोक्याचे आहे. बंद खोलीत गॅस जळताना प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणाऱ्याला आधी गुंगी येते आणि मग त्याला दार उघडण्याची शुद्धही राहत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच असावा. तो आत असेल तर हवेची वाट कोणत्याही कारणाने बुजवू नका, आणि एक्झॉस्ट फॅनवर भरवसा ठेवून दार-खिडकी गच्च लावूही नका, कारण बंद खोलीत फॅन जळलेला वायू उलटा आत ओढू शकतो. डास आणि पाखरांसाठी बारीक जाळी लावावी. विजेच्या गिझरच्या बाथरूममध्ये थंड वाऱ्यासाठी वर सांगितलेली झडप चालते. इथेही जुन्या घरांत गॅसची शेगडी किंवा बॉयलर खोलीतलीच हवा घेत असेल, तर भिंतीतली कोणतीही जाळी बंद करण्याआधी गॅसच्या जाणत्या माणसाला विचारावे.

दीन सोपा आहे असे आपण म्हणतो. थंडीत वुजू करण्याचा सवाब ज्याचा त्याला मिळेलच, पण म्हणून घरच्यांनी थंडी तशीच ठेवावी, असा त्याचा अर्थ होत नाही. ज्यांनी आपल्यासाठी पहाटे उठून चुलीवर पाणी तापवले, त्यांच्यासाठी बारा पौंडांची एक झडप बसवणे हा काही मोठा उपकार नाही.

वाचकहो, घरातल्या वडीलधाऱ्यांना बाथरूम थंड आहे का, असे विचारू नका. ते नाहीच म्हणतील. संध्याकाळनंतर ते पाणी किती पितात, एवढे मात्र बघा.